किनारा एक, खाती अनेक

कोकण किनाऱ्यावरील हवामान-जोखमीची जबाबदारी अनेक खात्यांत विखुरली आहे. खारबंदिस्ती खारभूमी विभागाकडे, धूपप्रतिबंधक बंधारे मेरीटाईम बोर्डाकडे, तिवरांची राखण वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे, तर बांधकामांची छाननी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे. वादळ आले की सारा भार जिल्हाधिकाऱ्यांवर. जून 2020 मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडातील नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, पुढच्याच वर्षी ‘तौक्ते’ आले. मदतवाटपाची यंत्रणा तरी ठरलेली असते. पूर्वतयारीला एक धनी नाही.

उधाणात खारबंदिस्तीच्या बांधाला खांड पडली की खारे पाणी भातखाचरांत शिरते आणि जमीन पुढची काही वर्षे नापीक होते. खांड बुजवायला मोठे तंत्रज्ञान लागत नाही, वेळेवर मंजुरी लागते. पण बांधापुढची तिवरे तुटली असतील तर लाटांचा मारा थेट बांधावर बसतो आणि डागडुजी दरवर्षीची होते. बांध एका खात्याचा, तिवरे दुसऱ्याची. भरतीला अर्थातच हे ठाऊक नसते.

पूर्वतयारीचे हे धनीपण घेऊ शकणाऱ्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला 2005 च्या कायद्याने आराखड्याचे अधिकार दिले आहेत. त्याला कायमस्वरूपी तज्ज्ञ, किनाऱ्याच्या धुपीच्या अद्ययावत नोंदी आणि बांधदुरुस्तीचा हाताशी निधी राज्य सरकारने येत्या अर्थसंकल्पातच द्यावा.