आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे

आमच्या महापालिकेला हल्ली माझं मन जाणून घ्यायचं असतं. चाळीस वर्षं मी या गावात घरपट्टी भरतोय, पण माझ्या मनात काय आहे हे तिनं कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगायला गेलो नव्हतो. दोघांचं बरं चाललं होतं. आता मात्र फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप आणि पूर्वाश्रमीचं ट्विटर अशा चार तोंडांनी ती मला म्हणते, 'आपलं मत कळवा!' चार तोंडं म्हटली की ब्रह्मदेव आठवतो. पण ब्रह्मदेवाला निदान आठ कान तरी असणार. आमच्या महापालिकेची तोंडं मोजून झाली, कान अजून सापडायचे आहेत.

२०२५ च्या पावसाळ्यात आमच्या फाटकासमोरच्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण फुटलं. कुणी परोपकारी माणसानं त्यात शेवग्याची फांदी खोचून ठेवली. धोक्याची सूचना देण्याची ही आपल्याकडची सनातन पद्धत.

पूर्वी अशा वेळी वॉर्ड ऑफिसात अर्ज घेऊन जायचं. कारकून चहाला गेलेला असायचा. पण परत आल्यावर तो अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर 'आवक'चा जांभळा शिक्का मारायचा, आणि त्या शिक्क्याच्या जोरावर पुढच्या खेपेला आपल्याला आवाज चढवता यायचा. या खेपेला त्यानं मानसुद्धा वर केली नाही. म्हणाला, "काका, ऑनलाइन टाका."

मग पुतण्यानं मला ट्विटरवर बसवलं. २०२३ साली त्याचं नाव 'एक्स' झालं. म्हणजे चिमणी उडाली आणि मागं नुसती फुली राहिली. सरकारी कामाच्या दृष्टीनं हे चिन्ह जास्त प्रामाणिक वाटतं.

झाकणाचा फोटो टाकला आणि काय सांगू, चार मिनिटांत उत्तर! 'धन्यवाद. कृपया डीएम करा.' मी हिला म्हटलं, "प्रकरण थेट डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेटकडे निघालंय." हिनं माझा कोट इस्त्रीला काढला. पुतण्यानं हसू आवरत सांगितलं, की डीएम म्हणजे खासगी निरोप. आता मला सांगा, खड्डा चारचौघांच्या रस्त्यात, तक्रार चारचौघांत, मग उत्तरच तेवढं कानात कशाला? खासगीत बोलायला मी काय महापालिकेला मागणी घातली होती?

आठव्या दिवशी निरोप आला : 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' सोबत नव्याकोऱ्या झाकणाचा फोटो. झाकणाशेजारी सायकलचं दुकान. आमच्या गल्लीत सायकलचं दुकान नाही! मी त्या अनोळखी दुकानदाराचं मनातल्या मनात अभिनंदन केलं. खाली पाच चांदण्या होत्या आणि प्रश्न होता, 'आमची सेवा कशी वाटली?'

मी या यंत्रांच्या विरुद्ध आहे असं समजू नका. पुराच्या रात्री कुठला पूल बंद आहे हे फोनवर कळतं, त्याला तोड नाही. मुंबई पोलीस २०१५ साली ट्विटरवर आले आणि कोट्या करकरून लोकांना शहाणपण शिकवू लागले, तेही मला आवडतं. पण ही झाली दवंडी. दवंडी झकास पिटली म्हणजे सभा झाली असं होत नाही. दवंडीवाल्याला ऐकू येत नसतं, त्याच्या गळ्यात ढोल असतो.

आणि सभेची सोय कायद्यात नाही असंही नाही. खेड्यातल्या माणसाला ग्रामसभा आहे. शहरांसाठी चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात असं ती सांगते. महाराष्ट्रानं २००९ साली त्यात क्षेत्रसभेची भर घातली. म्हणजे त्या भागातल्या मतदारांनी एकत्र बसून आपली गाऱ्हाणी मांडायची. तुम्ही कधी क्षेत्रसभेला गेला आहात? मीही नाही. आमच्या कट्ट्यावर विचारलं, तर एका निवृत्त प्राध्यापकांना तो भूमितीतला प्रकार वाटला.

गाऱ्हाणं मांडायचं तरी कुणापुढे? मुंबई-पुण्यासकट कितीतरी महापालिकांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि निवडणुका झाल्या १५ जानेवारी २०२६ ला! मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासकांची. आमच्याकडेही तेच. नगरसेवक नव्हता, सभा नव्हती, पण फोनवर 'सुप्रभात, नागरिकहो' मात्र एक दिवस चुकलं नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण एक दिवस आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "काका, तुमचा फोन म्हणे पार महापालिकेत लागतो. आमच्या नळाचं पण टाका की. दोन महिने झाले, पाणी पहाटे तीनला येतं न् चारला जातं."

मी उत्साहानं टाकलं. उत्तर आलं, 'सोबतचा फॉर्म भरा.' विभाग भरला, उपविभाग भरला. मग आला मालमत्ता क्रमांक. वस्तीतल्या मावशींच्या खोलीला तो कुठून असणार? तांबड्या अक्षरांत ताकीद आली, 'ही माहिती अनिवार्य आहे.' बाजूला हसरा बाहुला हात हलवत होता. मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या काका," आणि भांड्यांकडे वळल्या.

तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. माझ्या झाकणाला निदान खोटं उत्तर तरी मिळालं होतं. मावशींच्या नळाला प्रश्न विचारायचीच मुभा नव्हती. महापालिकेच्या तक्त्यात त्या वस्तीपुढे तक्रारी शून्य. म्हणजे कागदोपत्री शहरातली सगळ्यात सुखी वस्ती तीच!

आता नगरसेवक आले आहेत, तेव्हा सबबही उरलेली नाही. माझी मागणी फार नाही. तीन महिन्यांतून एका रविवारी महापालिकेच्या शाळेत सतरंजी घाला. पाण्याचे, ड्रेनेजचे, रस्त्यांचे इंजिनिअर समोर बसवा. मावशींनी विचारावं, त्यांनी उत्तर द्यावं, आणि काम कुठल्या तारखेला होणार ते सगळ्यांदेखत इतिवृत्तात लिहावं. ते इतिवृत्त मग खुशाल फेसबुकवर टाका, पहिला अंगठा माझा. आणि हो, 'निकाली' हा शब्द ज्याची तक्रार त्यानंच लिहायचा.

झाकण अजून तसंच आहे. फांदी मात्र आतल्या गाळात रुजली आणि तिला पालवी फुटली. परवा मावशी तिच्याकडे बघत म्हणाल्या, "काका, आता नका हो तक्रार करू. पुढच्या वर्षी शेंगा येतील."