किमो चालू आहे, आमवातही आहे : ताप अंगावर काढू नका

पावसाळा लागला की घरोघरी तापाचं उत्तर तयार असतं : "साथ आहे, सगळ्यांनाच येतोय." बहुतेक घरांत ते खपूनही जातं. पण स्तनाच्या कर्करोगासाठी किमो घेणाऱ्या बाईला आधीपासून आमवात, ल्युपस किंवा तसाच एखादा आजार असेल, तर त्या घराला हे उत्तर परवडणारं नाही. तिथे थर्मामीटरने १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस दाखवलं की लगेच हॉस्पिटल गाठायचं. रात्रीचे दोन वाजले असतील तर दोन वाजता. सकाळी ओपीडी उघडायची वाट पाहू नका.

आमवात आणि ल्युपस यांत शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडावर उलटते. म्हणून वर्षानुवर्षं तिला दाबून ठेवणारी औषधं दिली जातात. त्यावर किमो सुरू झाली की अस्थिमज्जाही थंडावते. डोस घेतल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, तळाला जातात. त्या मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेल्या की आतड्यातले, तोंडातले, एरवी निरुपद्रवी असलेले जंतूही रक्तात शिरू शकतात. मग ताप आल्यापासून रक्तदाब कोसळेपर्यंत कधी कधी काही तासच मिळतात. म्हणूनच अशा रुग्णाला हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक मिळावं, असा दंडक आहे.

सगळ्यात फसवं औषध स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन रोज घेणाऱ्या बाईला संसर्ग झाला तरी ताप चढेलच असं नाही. त्यात पॅक्लिटॅक्सेल किंवा डोसिटॅक्सेल देताना डेक्सामेथासोन दिलं जातं, तेही स्टेरॉइडच. रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशींचा आकडा स्टेरॉइडमुळे बरा दिसू शकतो. त्यामुळे अंगात हुडहुडी, धाप, नेहमीपेक्षा जास्त गळाठा, बोलण्यात गोंधळ, लघवी कमी होणं, किमोसाठी बसवलेल्या पोर्टच्या जागी दुखणं किंवा काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात लाल आणि गरम होणं, यातलं काहीही दिसलं तर थर्मामीटर ९९ दाखवत असला तरी निघा. आणि निघण्याआधी "थोडं बरं वाटेल" म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. ताप उतरतो, जंतू तिथेच राहतात आणि दारात उभ्या डॉक्टरला काहीच दिसत नाही. घाबरून स्टेरॉइडची गोळीही एकदम बंद करू नका. बरेच महिने ती चालू असली की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. गोळी अचानक तोडली तर रक्तदाब घसरून वेगळंच संकट उभं राहतं.

खरी गोम आहे दोन फायलींची. कर्करोगाची फाइल एका हॉस्पिटलात, सांध्यांची दुसरीकडे, आणि दोन्ही डॉक्टर एकमेकांना ओळखतही नाहीत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, त्यामुळे "रोजची औषधं सांगा" म्हटलं की ती सुटतेच. रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन घेऊन चार महिने झाले म्हणून कोणी सांगत नाही, पण त्याचा परिणाम सहा महिने आणि त्याहूनही जास्त टिकतो. अडालिमुमॅबसारख्या इंजेक्शनांनी शरीरात दबून बसलेला क्षयरोग जागा होऊ शकतो, आणि आपल्या देशात तो दबून बसलेली माणसं कमी नाहीत. सांधेदुखीसाठी कोणी पुडी देत असेल तर तीही दाखवा, अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. लाज वाटून लपवण्यासारखं त्यात काही नाही. याउलट याच आजारांवरचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन संसर्गाचा धोका फारसा वाढवत नाही. तेव्हा कुठलं औषध थांबवायचं आणि कुठलं चालू ठेवायचं, हा निर्णय दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यायचा आहे. किमो सुरू होण्याआधी त्यांना एकमेकांशी बोलायला लावा. हिपॅटायटिस बी आणि क्षयाची तपासणी झाली का, फ्लू आणि न्यूमोनियाची लस कधी घ्यायची, पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन लागेल का, हे विचारा. विचारलं तर डॉक्टर रागावतील ही भीती सोडा.

ज्यांची किमो संपून बराच काळ झाला आहे आणि ज्या आता फक्त टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल घेतात, त्यांनी या गोळ्यांमुळे एवढं धास्तावू नये. मात्र सांध्यांची औषधं चालू असतील तर ताप त्यांनीही अंगावर काढायचा नाही.

गावातल्या डॉक्टरांना विनंती : अशी रुग्ण आली तर "व्हायरल दिसतंय, तीन दिवसांच्या गोळ्या" असं करू नका. तिच्या कर्करोगतज्ज्ञाला फोन लावा. मोठं हॉस्पिटल दोन तासांवर असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस तुमच्याकडेच शिरेतून देता येतो का, ते त्याच फोनवर ठरवा, सोय असेल तर त्याआधी कल्चरसाठी रक्त घ्या, आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.

औषध दुकानदारांनाही एक सांगणं आहे. लघवीला जळजळ होते म्हणून कुणी को-ट्रायमॉक्साझोल मागितलं, तर देण्याआधी "मेथोट्रेक्सेट चालू आहे का?" एवढं विचारा. ही दोन औषधं एकत्र पोटात गेली की अस्थिमज्जा बंद पडल्यात जमा होऊ शकते, आणि किमोवर असलेल्या बाईकडे तेवढी शिल्लकही नसते. "हो" असं उत्तर आलं तर स्ट्रिप काउंटरवरच ठेवा आणि तिला डॉक्टरकडे पाठवा.