समाधानाच्या नोंदीबाहेरचे रुग्ण

बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्रा येथे डॉ. देवी शेट्टी यांनी या शतकाच्या आरंभी उभारलेल्या नारायण हृदयालयाने हृदयशस्त्रक्रिया कमी खर्चात होऊ शकते, हे दाखवून दिले. मात्र तारीख ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेचे गणित आपत्कालीन विभागाला लागू पडत नाही. तिथे रुग्ण वेळ निवडत नाही, अनेकदा रुग्णालयही नाही. प्रकृतीच्या गांभीर्यानुसार क्रम लागत असल्याने मागाहून आलेला आधी आत जातो. त्याचे कारण कोणी सांगितले नाही, तर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना तो अन्याय वाटतो.

केंद्र सरकारचा ‘मेरा अस्पताल’ उपक्रम २०१६ पासून रुग्णांचे अभिप्राय गोळा करतो. इतिहासाचा विद्यार्थी आणि निवृत्त प्रशासक या दोन्ही नात्यांनी मी अशा आकड्यांकडे सावधपणे पाहतो. दप्तरात ज्याची नोंद नाही, त्याचा आवाज उरत नाही. अभिप्राय उपचार मिळालेल्यालाच विचारला जातो; दारातूनच परत पाठवलेला त्यात येत नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने जखमीचा जीव वाचवण्यास प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच बजावले होते. म्हणून नाकारलेल्या आणि अन्यत्र धाडलेल्या प्रत्येक रुग्णाची सकारण नोंद सक्तीची करावी. समाधानाची टक्केवारी त्यानंतर मोजावी.