अॅस्पिरिनची गोळी आणि तपासणीविना सरणारी वर्षे

हिंगोली : मूल होत नसेल तर रोज रात्री 'रक्त पातळ करणारी' अॅस्पिरिनची बारीक गोळी घेऊन पाहावी, हा सल्ला आता डॉक्टरांच्या खोलीपुरता राहिलेला नाही. एकीच्या चिठ्ठीवरचे औषध दुसरीच्या घरी पोहोचते, मोबाइलवरून ते तिसऱ्या गावाला जाते. ७५ मिलिग्रॅमच्या गोळीची किंमत नगण्य, ती मिळायला अडचण नाही. खेड्यांत परवान्याविना विकता येणाऱ्या घरगुती औषधांच्या केंद्राच्या जुन्या यादीतही अॅस्पिरिनचे नाव आहे. या गोळीच्या भरवशावर दांपत्याची तपासणी लांबत जाते आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यात ती लांबण्याला केवळ अज्ञान कारणीभूत नाही.

अॅस्पिरिनची ही कीर्ती निराधार म्हणता येणार नाही. १९९९ मध्ये अर्जेंटिनातील डॉक्टरांनी टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेणाऱ्या २९८ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. रोज १०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन घेणाऱ्या गटात गर्भधारणेचे प्रमाण ४५ टक्के, तर न घेणाऱ्या गटात २८ टक्के आढळले. गर्भाशयाकडे व बीजांडकोशाकडे रक्तपुरवठा वाढतो, त्यामुळे गर्भ रुजतो, असा त्यामागचा तर्क होता. तर्क पटण्यासारखा आणि औषध स्वस्त, त्यामुळे ते जगभर लिहिले जाऊ लागले. पुढे अनेक ठिकाणच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात सरसकट अॅस्पिरिन देण्याचा फायदा सिद्ध झाला नाही. चिठ्ठीवरची गोळी मात्र राहिली.

दुसरा मोठा आधार अमेरिकेतील चाचणीचा दिला जातो. एक किंवा दोन वेळा गर्भपात झालेल्या १,२२८ स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून ८१ मिलिग्रॅम अॅस्पिरिन किंवा तशीच दिसणारी औषधविरहित गोळी देण्यात आली. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला निष्कर्ष असा, की जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण अनुक्रमे ५८ व ५३ टक्के होते आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. २०२१ मध्ये त्याच माहितीचे पुन्हा विश्लेषण झाले. गोळी नियमाने घेणाऱ्या स्त्रियांना लाभ झाल्याचे त्यात दिसले आणि आशा पुन्हा पालवल्या. पण आपल्याकडे ही चाचणी सांगताना एक गोष्ट गळते. मूल होण्यातच अडचण असल्याचे निदान झालेल्या स्त्रिया या चाचणीत नव्हत्याच. ज्यांना दिवस राहत होते, पण गर्भ टिकला नव्हता, त्यांच्यासाठी ती होती. तिचा निष्कर्ष ज्यांना दिवसच राहत नाहीत त्यांना लावणे म्हणजे एकाचे माप दुसऱ्याच्या अंगाला लावण्यासारखे आहे.

अॅस्पिरिनचे खरे स्थान ठरलेले आहे. रक्तात विशिष्ट प्रतिपिंडे असल्याने गाठी होऊन वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांना ती हेपॅरिनच्या इंजेक्शनांसोबत दिली जाते. लंडनमधील १९९७ च्या चाचणीत अशा ९० स्त्रियांपैकी केवळ अॅस्पिरिन घेणाऱ्यांत ४२ टक्के, तर दोन्ही औषधे घेणाऱ्यांत ७१ टक्के बाळे जन्मली. गरोदरपणात रक्तदाब धोकादायकरीत्या वाढण्याची शक्यता असलेल्यांनाही ती उपयोगी ठरते. पण आपण त्या गटात मोडतो की नाही, हे रक्ततपासणी व पूर्वेतिहास पाहिल्याशिवाय ठरत नाही. कारण न कळलेल्या गर्भपातांवर मात्र नेदरलँड्समधील ३६४ स्त्रियांच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अॅस्पिरिनचा उपयोग दिसला नाही.

'लहान गोळीने काय होते', ही समजूतही तपासून घ्यावी. पोटात व्रण असणाऱ्यांना तिने रक्तस्राव होऊ शकतो, काही दमेकऱ्यांचा दमा उसळतो. पाळीत आधीच जास्त रक्त जाणाऱ्या, रक्त कमी असलेल्या बाईला ती जपूनच द्यावी लागते. पावसाळ्यात डेंग्यूचा ताप आला तर अॅस्पिरिन टाळायची असते, पण बाई ती मुलासाठी रोज घेते हे तापाच्या डॉक्टरला कोण सांगणार? गर्भधारणेपूर्वी घेण्याजोगी, लाभ निर्विवाद सिद्ध झालेली गोळी खरे तर फॉलिक अॅसिडची आहे. बाळाच्या मणक्यातील व मेंदूतील व्यंगे तिने बऱ्याच प्रमाणात टळतात. तिची चर्चा ओट्यावर होत नाही.

तपासणी कधी करावी, याचा साधा निकष आहे. नियमित संबंध असूनही वर्षभर दिवस न राहिल्यास दोघांनी डॉक्टरांकडे जावे, स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच. वर्षभरात दहापैकी आठ जोडप्यांना दिवस राहतात. कोवळ्या वयात लग्न झालेल्या मुलीला चौथ्या महिन्यात 'काही आहे का' विचारणाऱ्या घराला हा आकडा सांगायला हवा. दुसरीकडे, पाच-सहा वर्षे नवस, गंडे आणि दुकानातून आणलेल्या गोळ्या यांत गेलेली जोडपीही आहेत. अपत्यहीन स्त्रियांच्या या अगतिकतेचा बाजार किती मोठा आहे, हे कायद्यालाही मान्य करावे लागले. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्राने २०१३ मध्ये केला. त्याच्या अनुसूचीत दैवी शक्तीने मातृत्व देण्याचे आश्वासन देऊन स्त्रीशी शरीरसंबंध ठेवण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे.

गोळी बाईच घेते, यातही एक गृहीतक दडले आहे. सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाचा दोष एकटा किंवा जोडीने असतो. वीर्यतपासणी सर्वांत स्वस्त, विनावेदना आणि एका दिवसात होणारी. तरी बाईच्या नळ्यांची तपासणी आधी होते, नवऱ्याची शेवटी, कधी कधी होतच नाही. पुरुषाच्या वीर्यात बीजच कमी असताना बायकोने वर्षभर अॅस्पिरिन घेतली, तर फार तर तिचे पोट बिघडेल. बाईच्या बाजूनेही थायरॉइड, पाळीची अनियमितता, बंद नळ्या अशी कारणे असतात. आपल्याकडे त्यात जननेंद्रियांच्या क्षयरोगाची भर पडते. तो खोकल्याविना, तापाविनाही नळ्या बंद करून जातो. त्यावर क्षयाचीच औषधे लागतात.

तपासावे कुठे, हा प्रश्न उरतो. भारताने १९५२ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. तेव्हापासून आरोग्ययंत्रणेची मोजणी नसबंदी, तांबी, प्रसूती यांभोवती फिरत आहे. आशा कार्यकर्तीच्या पिशवीत गोळ्या, निरोध आणि गरोदरपण तपासण्याचे किट असते. मूल नको असलेल्यांसाठी आणि दिवस राहिलेल्यांसाठी तिच्याकडे काही ना काही आहे. मूल हवे असून होत नाही, त्या जोडप्यासाठी काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जगातील सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते, असे सांगितले. प्रश्न मूठभरांचा नाही, तरीही तो खासगी क्षेत्रावर सोडून दिलेला आहे.

औंढा, सेनगाव किंवा कळमनुरीच्या खेड्यातील जोडपे मग पूर्णा मार्गे रेल्वेने वा एसटीने नांदेड गाठते किंवा छत्रपती संभाजीनगर. मजुरी बुडते, आधीचे कागद प्रत्येक ठिकाणी नव्याने होतात. देशातील पहिले शास्त्रीय नोंद असलेले टेस्ट ट्यूब बाळ १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम या महापालिकेच्या रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून जन्मले. सार्वजनिक रुग्णालयात सुरू झालेली ही विद्या पुढे प्रामुख्याने खासगी केंद्रांची झाली, हे या क्षेत्रातील विचित्र सत्य आहे. गोव्यात बांबोळीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये मोफत उपचाराचे केंद्र सुरू करून त्या राज्याने वेगळी वाट धरली.

हिंगोलीला लगेच तसे केंद्र मिळावे, अशी अपेक्षा अवाजवी ठरेल. १९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वीर्यतपासणी, थायरॉइड, सोनोग्राफी, क्षयाची चाचणी आणि नळ्यांचा एक्स-रे यांसाठी टेस्ट ट्यूब केंद्र लागत नाही. या तपासण्या इथेच झाल्या तर ज्यांना औषधाने भागते ते बाहेर जाणार नाहीत, ज्यांना जावेच लागेल ते नेमके कारण हातात घेऊन जातील. त्यासाठी आठवड्यातून एक ठरलेला वार हवा आणि नवरा-बायको दोघांची नावे एकाच केसपेपरवर लिहिणारा बाह्यरुग्ण विभाग हवा. तो वार कोणता, हे आशा कार्यकर्तीला माहीत असले तर गावातल्या बाईला शेजारणीच्या चिठ्ठीवर विसंबावे लागणार नाही.