विश्लेषण : वेरूळ महोत्सवात एलजीबीटी कलावंतांना जागा का हवी?

मुंबईत काय घडले?
‘कशिश’ हा एलजीबीटी चित्रपट महोत्सव मुंबईत २०१० मध्ये सुरू झाला. प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून वगळले ते सप्टेंबर २०१८ मध्ये. म्हणजे कलेने कायद्याची वाट पाहिली नाही.

मराठी रंगभूमीला हे नवे आहे का?
नाही. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका महाराष्ट्राने डोक्यावर घेतल्या. विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’मध्ये एका तरुणीचे दुसरीवरील प्रेम १९८१ मध्येच मंचावर आणले. तमाशातल्या नाच्याला मात्र आपण हसण्यावारी नेले. भूमिका चालते, तसे जगणारा माणूस समोर आला की नजर फिरते.

मग वेरूळच का?
वेरूळ-अजिंठा महोत्सव सरकारी यंत्रणा भरवते. अलीकडे तो छत्रपती संभाजीनगरच्या सोनेरी महालात रंगतो. जनतेच्या पैशावर उभा राहणारा मंच साऱ्या जनतेचा असायला हवा. मराठवाड्यातल्या कलावंताला आपली ओळख न लपवता गाण्या-नाचण्यासाठी मुंबई का गाठावी लागावी? त्याच्यासाठी कोपऱ्यात वेगळा मांडव नको. निवड कलेवरच व्हावी. पण मुख्य मंच, पत्रिकेत नाव आणि इतरांइतकेच मानधन त्यालाही मिळावे.