केस उन्हाने पांढरे झाले की अनुभवाने?



"आमचे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत!" हे वाक्य आपण प्रत्येकाने कोणा ना कोणा साहेबाच्या तोंडून ऐकले आहे. दवाखान्यात तर ते हमखास ऐकू येते. तक्रार घेऊन शिष्टमंडळ गेले की मोठे डॉक्टरसाहेब चष्म्यावरून पाहतात, तीस वर्षांच्या नोकरीचा हवाला देतात आणि विषय संपवतात. वय झाले म्हणजे माणसाचे दुःख कळू लागते, असे गृहीतच धरलेले असते. या गृहीतकालाच आमचा आक्षेप आहे.

एका रेल्वे रुग्णालयात आम्ही डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग सांगतो. छातीत दुखत असलेल्या ट्रॅकमनला बाहेरच्या हॉस्पिटलात रेफर करण्याचा कागद सहीसाठी केबिनमध्ये पडून होता. त्याची बायको दोन तास दाराशी उभी होती. साठी ओलांडलेले प्रमुख मीटिंगमध्ये होते. शेवटी पंचविशीतल्या एका सिस्टरने बाईंना बाकावर बसवले, पाणी दिले आणि स्वतः आत जाऊन, बोलणी खाऊन, सही आणली. त्या दिवशी अनुभव कोणाकडे होता आणि समज कोणाकडे?

या समजेला 'भावनिक बुद्धिमत्ता' असे भारदस्त नाव आहे. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1990 साली ती कल्पना मांडली आणि 1995 साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती जगभर पोहोचवली. आपल्या व दुसऱ्याच्या भावना ओळखणे, त्यांना आवर घालणे आणि ते भान ठेवून वागणे, एवढाच तिचा अर्थ. वयाबरोबर ती वाढते, असे सांगणारे अभ्यास आहेत, हे आम्ही नाकारत नाही. पण ही वाढ साधारणपणे थोडीच दिसते. शिवाय अशा कित्येक अभ्यासांत माणूस स्वतःच स्वतःबद्दलचा फॉर्म भरतो. म्हणजे परीक्षार्थी साहेब आणि परीक्षकही साहेबच! आणि आजचे तरुण व आजचे वयस्क शेजारी ठेवून केलेल्या तुलनेवरून एकच माणूस वर्षांगणिक शहाणा होत गेला, असे सिद्ध होत नाही.

इतिहास काय सांगतो? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. 1941 साली तिथल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे तीस होते. बत्तिसाव्या वर्षी, जखमी सैनिकांची सेवा करता करताच, ते गेले. दुसरीकडे मद्रासच्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी. कर्करोग्यांसाठी त्यांनी 1954 साली अड्यारची संस्था उभी केली, तेव्हा त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या. एक तिशीत, एक साठीपलीकडे. दोघांनीही दुखणाऱ्याच्या जवळ राहून काम केले, म्हणून ते मोठे ठरले.

सरकारचा मापदंड मात्र जन्मतारखेचा. 2017 साली मंत्रिमंडळाने रेल्वेसह केंद्राच्या इतर सेवांतील डॉक्टरांचे निवृत्तीचे वय 65 वर नेले, पण प्रशासकीय पद 62 पर्यंतच, अशी अट घातली. खालच्यांच्या बढत्या अडू नयेत, हे आपल्यालाही मान्य आहे. पण एकसष्टाव्या वर्षी जो रुग्णाकडे मान वर करून पाहत नाही, त्याला जाब कोण विचारणार? वार्षिक मूल्यमापनाचा कागद वरचा साहेब लिहितो. खालची नर्स, ड्रेसर, सफाई कामगार यांना त्यात जागाच नाही.

आणि ही भावनिक बुद्धिमत्ता रोज वापरतो कोण? टपालाच्या काउंटरवर सर्व्हर बंद पडल्यावर शंभर माणसांचा राग गिळणारा आपला भाऊ. आरक्षणाच्या खिडकीवरची आपली बहीण. रात्रपाळीची सिस्टर. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी 1983 साली विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास करून अशा राबण्याला 'भावनिक श्रम' म्हटले. खालच्याने हसतमुख राहायचे, ते त्याचे कर्तव्य. वरच्याने दोन शब्द गोड बोलले, की ती बुद्धिमत्ता! हा कुठला न्याय?

गैरसमज नको. ज्येष्ठतेच्या तत्त्वासाठी आपण लढलो आहोत आणि पुढेही लढू. ज्येष्ठता ही वशिल्याविरुद्धची आपली ढाल आहे. 'तरुण नेतृत्व' या गोंडस नावाखाली मर्जीतली माणसे वर चढवण्याचा डावही आम्ही ओळखतो. पण ढाल म्हणजे शहाणपणाचा दाखला नव्हे. आणि खरे बोलायचे तर आपल्या शाखांतही "तू कालचा पोरगा" म्हणून तरुण साथीला खाली बसवले जाते. साहेबाला आरसा दाखवताना तो आपल्याकडेही थोडा वळवावा लागेल.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. रुग्णालय-प्रमुखाच्या मूल्यमापनात तिथल्या कर्मचाऱ्यांचे मत, नाव गुप्त ठेवून, घ्या. रुग्ण व पेन्शनर यांच्या तक्रारींसाठी महिन्यातला एक दिवस ठरवा आणि उत्तर लेखी द्या. प्रमुखाने आठवड्यातून एक तास केबिन सोडून ओपीडीच्या रांगेत उभे राहावे. यासाठी पैसा लागत नाही, मन लागते.

भुसावळ असो की खडगपूर, जिथे जिथे आपला माणूस औषधाच्या रांगेत उभा आहे, तिथल्या शाखेने हा विषय पुढच्या बैठकीच्या अजेंड्यावर आणावा. पांढऱ्या केसांचा मान आम्ही राखू. पण सहीसाठी ताटकळणाऱ्या त्या बाईंसाठी जाबही विचारू.

कामगार एकजुटीचा विजय असो!