येन मोठे की कोश्याचे पाखरू?



आमच्या वर्गात बहुतेक मुले म्हणतात, कोश्याचे पाखरू मोठे. मले वाटते येनाचे झाड मोठे. पुस्तकात त्यालाच ऐन म्हणतात.

पाखरू सुंदर असते, हे खरे आहे. पंख पसरले की जवळजवळ वीतभर होते. चारही पंखांवर गोल डोळे असतात आणि त्यातून काचेवाणी आरपार दिसते. पण त्याला खायला तोंडच नसते! कोसा भेदून बाहेर आल्यावर ते थोडेच दिवस जगते आणि काहीच खात नाही. मग उडायची ताकद कुठून येते? अळी असताना खाल्लेल्या पाल्यातून. तो पाला येनाचा. (अर्जुनाचाही चालतो.) अळी महिनाभर नुसती खात राहते, चार वेळा कात टाकते, मग फांदीला देठ बांधून कोसा करते. एका झाडाचा पाला संपला की ढिवर लोक अळ्यांसकट डहाळी कापून दुसऱ्या झाडावर ठेवतात. भर पावसात राखण करतात, नाहीतर कावळे अळ्या खाऊन टाकतात.

येनाला कोणी सुंदर म्हणत नाही. साल मगरीच्या पाठीवाणी. फुले बारीक, पिवळट. त्या फुलांवर मधमाश्या येतात. कोश्याचे पाखरू मध कायले पिणार, तोंड नाही ना! म्हणजे ते झाडाचे खाते, पण झाडाच्या फुलांच्या कामी येत नाही. तरी झाडाला पुन्हा पालवी फुटते.

माझी मैत्रीण म्हणते, कोसा उकळतात तेव्हा पाखरू आत मरते, म्हणून तेच मोठे. मलेही त्याचे वाईट वाटते. पण काही कोसे बियाण्यासाठी ठेवतात. त्यातून पाखरे निघतात आणि एक मादी दीडशे-दोनशे अंडी घालते. तोडलेले येन एवढे मोठे व्हायला किती वर्षे लागतील?

लग्नात कोश्याची करवतकाठी साडी दिसली की सगळ्या बाया हात लावून पाहतात. येनाचे नाव कोणी काढत नाही. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडे ढिवरांची कितीतरी घरे कोश्यावर चालतात. आपल्या नागपूरला तर रेशीम संचालनालय आहे. आणि आमच्या गावात धुऱ्यावरचे येन सरपणासाठी तोडतात. पालकहो, चुलीला पऱ्हाट्या चालतात, तुराट्याही चालतात. कोश्याच्या अळीले त्या चालत नाहीत.

– इयत्ता ४ थी